टिकलीचा गोंद आणि ‘लेबल वाचा’ हा सल्ला

समाजकार्य शिकणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी मला विचारलं आहे: ‘साबण, क्रीम, रंग, खेळणी यांतली घातक रसायनं गरीब-श्रीमंत सगळ्यांच्याच घरात आहेत. कायदाही सगळ्यांना एकच आहे. मग प्रदूषणाचा भार दुबळ्यांवरच पडू नये असं म्हणणारा पर्यावरणीय न्याय हा शब्द या विषयात कुठून आला? लोकांनी लेबल वाचून वस्तू घेतल्या, तर प्रश्न बराचसा सुटणार नाही का? आणि नाशिकमध्ये राहून आम्ही नेमकं काय करायचं?’

मी नाशिकमध्ये २६ वर्षं त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. आठवड्यातला एक दिवस दिंडोरी तालुक्यात ओपीडी असते. रोजच्या वापरातलं रसायन बाधलं तर ते आधी हातावर, कपाळावर, पावलावर दिसतं, त्यामुळे अशी माणसं बहुतेक वेळा इतर डॉक्टरांच्या आधी माझ्याकडे येतात. ‘लेबल वाचून घेत चला’ हा सल्ला मी पहिली दहा-बारा वर्षं अगदी मनापासून दिला. पुढं तो देणं थांबवलं. का, ते एका टिकलीपासून सांगते.

जेल रोडवरून एक बाई आली होती. वय पस्तिशीचं, दोन घरी पोळ्या करायला जायची. कपाळावर, बरोबर दोन भुवयांच्या मध्ये, शेंगदाण्याएवढा पांढरा डाग. घरच्यांनी ‘कोड’ म्हणून निकाल लावून टाकला होता. नणंदेचं लग्न जमवायचं चाललं होतं, तर पाहुणे आले की हिनं स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही, असं सासूनं बजावलेलं. मी टिकली काढायला सांगितली तेव्हा ती आधी दाराकडे बघत राहिली. मग हळूच काढली. टिकली चांगली रुपयाएवढी होती.

‘पहिल्यापासून एवढी मोठी लावता?’

‘नाही हो ताई, बारीक लावायचे. डाग वाढत गेला तसतशी मोठी घेत गेले.’

ज्या टिकलीनं ती डाग झाकत होती, तिच्याच गोंदानं डाग पडत होता.

टिकली घामातही चिकटून राहावी म्हणून बऱ्याच टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या रसायनापासून केलेली राळ असते. आपल्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून रंगद्रव्य तयार करतात. या रसायनाची ठेवण टायरोसिनशी मिळतीजुळती आहे. पेशीतलं एन्झाइम फसतं, त्यावरच काम करू लागतं आणि त्यातून जे तयार होतं त्यानं पेशीच मरते. पुष्कळदा खाज नाही, लाली नाही, आग नाही, त्यामुळे बाईला कळतं तेव्हा डाग पडून गेलेला असतो. टिकली लवकर बंद केली तर औषधांनी रंग बऱ्यापैकी परत येतो. उशीर झाला तर डाग राहतो, काहींच्या बाबतीत कपाळाबाहेरही पसरतो. रबरी चपलांचंही असंच. रबर टिकावं म्हणून घातलेल्या रसायनांमुळे पावलावर चपलेच्या पट्ट्यांच्याच आकाराचे पांढरे डाग उठतात. एकदा बघितलं की पुन्हा चुकत नाही इतकं ते नेमकं असतं.

टिकलीचं पाकीट तिच्या पिशवीतच होतं. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून घेतलेलं. घरातल्या तिघीजणी एकाच पाकिटातल्या टिकल्या लावायच्या. पुढच्या बाजूला नटीचा फोटो, मागं कोरा पांढरा कागद. बनवणाऱ्याचं नाव नाही, गावाचं नाही, गोंद कशाचा हे तर नाहीच. वाचायला लेबल होतंच कुठं?

मी टिकली बंद करायला सांगितली. त्यावर ती म्हणाली, ‘ताई, नवरा जिवंत असताना मोकळ्या कपाळानं कशी फिरू?’ कुंकू लावा म्हणावं, तर हळदीला टाकणखार आणि लिंबाचा रस लावून केलेलं कुंकू आता बाजारात शोधावं लागतं. सुट्या कुंकवात बहुतेक स्वस्त लाल कृत्रिम रंग असतो, आणि त्यानं काळवंडलेली कपाळंही माझ्याकडे येतातच. त्याच आठवड्यात कॉलेज रोडवरची एक बाई त्याच तक्रारीसाठी आली होती. तिला मी टिकली रेखायच्या एका पेन्सिलचं नाव लिहून दिलं, तिनं ती संध्याकाळी मागवली, विषय संपला. रोग एक, डॉक्टर एक. एकीला पर्याय मिळाला, दुसरीला नुसती मनाई मिळाली. तुम्ही विचारलेला ‘न्याय’ हा शब्द माझ्या कामात इथून आला.

कायदा एकच आहे हे खरं, पण तो कुठं पोचतो ते बघा. सौंदर्यप्रसाधन बनवायला आपल्याकडे परवाना लागतो, विकायला लागत नाही. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पाऱ्यावर कडक मर्यादा घातली: डोळ्यांच्या प्रसाधनात ७० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ७०, आणि बाकी कशातही चुकून आलेला पारा १ पीपीएमच्या वर नको. कागदावर हा नियम जगातल्या चांगल्या नियमांच्या तोडीचा आहे. पण तो बिल, बॅच नंबर आणि पत्ता असलेल्या मालाला पकडतो. पार्लरमधून, मैत्रिणीकडून, हातगाडीवरून येणाऱ्या बिननावाच्या डबीला यांतलं काहीच नसतं.

पारा घातलेलं क्रीम आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ करतं, कारण तो रंगद्रव्य बनवणारं एन्झाइमच बंद पाडतो. गुण इतका झटपट दिसल्यावर बाई ती डबी सोडत नाही, बहिणीलाही देते. पारा कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात साठतो. २०२३ साली केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे लघवीतून प्रथिनं जाणारे रुग्ण एकामागून एक येऊ लागले आणि गोरं करणाऱ्या क्रीमांपर्यंत धागा जाऊन पोचला. माझ्याकडे एका कपड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी आली होती, पाय सुजलेले. ती, तिची आई आणि शेजारची वहिनी एकच डबी वापरत होत्या. लघवी तपासून मी तिला मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, ती सावरली. पण डबीत पारा किती होता हे मोजायचं, तर तपासणीचा खर्च तिच्या पगाराला पेलणारा नव्हता आणि सरकारी यंत्रणेत ती डबी कुणाच्या टेबलावर ठेवायची हे आम्हा दोघींना फोनवर फोन करूनही कळलं नाही. पुरावाच नाही म्हटल्यावर तक्रार कशाच्या आधारावर करणार? गोरं दिसायचा हट्ट तिच्यावर कुणी लादला हा प्रश्न वेगळा आहे, पण तो याच न्यायाच्या प्रश्नाचा भाग आहे असं मी मानते. ‘काळीसावळी’ म्हणून नोकरीत मागं आणि स्थळात नापसंत झालेल्या मुलीच त्या डबीच्या गिऱ्हाईक असतात.

दुसरा मुद्दा शरीराचा. सुरक्षित मर्यादा ठरवताना कुठलं तरी सरासरी शरीर डोळ्यांपुढं असतं. आपल्याकडची शरीरं तशी नाहीत.

शिशाचं उदाहरण घ्या. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाच्या अंगात साधारण दहावा हिस्सा भिनतो, लहान मुलाच्या अंगात निम्म्यापर्यंत. मुलाला लोह कमी असेल तर आतडं शिसं आणखी ओढून घेतं, कारण लोह आत नेणारी वाटच शिसं वापरतं. आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला आहे. म्हणजे तेच रंगवलेलं खेळणं, तीच रंगाचे पोपडे निघालेली खिडकी पोटभर खाणाऱ्या मुलापेक्षा अर्धपोटी मुलाला जास्त विषारी आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात भारतातल्या सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात डेसीलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं असल्याचा अंदाज दिला आहे. (आपला पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइडच. मारुतीला शेंदूर फासण्याला माझी हरकत नाही. मात्र तोच हात बाळाच्या कपाळाला आणि तोंडाला लावू नका, एवढं मी प्रत्येक आजीला हात जोडून सांगते.)

डांबरगोळीचंही तसंच. बाळाची दुपटी आपण जुन्या मऊ लुगड्याची करतो, आणि ते लुगडं वर्षानुवर्षं पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलेलं असतं. बहुतेक बाळांना काही होत नाही. पण ज्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतःच कमी आहे, त्याच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनमुळे फुटतात आणि बाळ पिवळं पडतं. हे एन्झाइम कमी असण्याचं प्रमाण महाराष्ट्रातल्या काही आदिवासी समाजांत जास्त आहे. सुरगाणा-पेठसारख्या आदिवासी तालुक्यांतल्या बाळंतिणीला कुणी विचारतं का, की दुपटं कुठल्या पेटीतलं? गोळ्यांच्या पुडीवर तर हे कुठंच छापलेलं नसतं.

आता द्राक्षांकडे येते. नाशिककराला हा विषय समजायला द्राक्षबागेइतकी जवळची जागा नाही, आणि माझं माहेरच निफाड तालुक्यातलं, बागाईतदाराचं. त्यामुळे जे लिहिते ते घरातलं लिहिते.

आपली द्राक्षं युरोपात जातात. २००६ पासून निर्यातीच्या बागांची प्लॉटवार नोंद अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ प्रणालीत होते, नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातात, कुठल्या औषधाचा किती अंश मण्यात उरला हे मोजलं जातं. २०१० साली वेलीची वाढ आवरायला वापरतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे, अंश सापडले म्हणून युरोपात गेलेले कंटेनर अडकले. ते वर्ष आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही. त्यानंतर तपासणी आणखी काटेकोर झाली. खाणाऱ्याचं संरक्षण करणारी इतकी शिस्तशीर व्यवस्था आपणच, याच जिल्ह्यात, उभी केली, हे मी अभिमानानं सांगते. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं.

ऑक्टोबर छाटणी झाली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात, काम एकरी उक्तं दिलेलं असतं. बादलीत द्रावण, हातात कापड किंवा स्पंजाचा बोळा, आणि एकेक डोळा पुसत ओळीतून पुढं जायचं. हातमोजे दिले तरी दोन तासांत आत घाम साचतो, तारेत अडकून बोटापाशी फाटतात, आणि फाटलेला मोजा नुसत्या हातापेक्षाही वाईट, कारण द्रावण आत जाऊन तिथंच मुरत राहतं. नोव्हेंबरमध्ये माझ्या ओपीडीत येणारे हात मी न विचारता ओळखते: बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी, ओली, सोलवटलेली, नखांच्या कडा काळपट, मनगटाशी मोज्याची कड संपते तिथं फोडांची एक रेघ. एका बाईनं मला सांगितलं की महिनाभर ती पोराला भाकरी भरवत नाही, सासू भरवते, कारण तिखटमिठाला हात लागला की डोळ्यांतून पाणी येतं.

पुरुषांची आणखी एक गोष्ट. हे रसायन अंगात गेलं असताना दारू प्यायली तर शरीराला दारू पचवता येत नाही. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, दम लागतो. पेस्टिंगच्या दिवसांत असा माणूस रात्री दवाखान्यात नेला की ‘जास्त झाली असेल’ म्हणून परत पाठवल्याच्या हकिकती मी एकापेक्षा जास्त घरांतून ऐकल्या आहेत. दिवसभर काय काम केलं, एवढा एक प्रश्न विचारला असता तर निदान झालं असतं.

युरोपीय संघानं हायड्रोजन सायनामाइडला २००८ साली परवानगी नाकारली, आणि त्यात हाताळणाऱ्या माणसाला असलेला धोका हे मोठं कारण होतं. म्हणजे तिथल्या बागेत ते चालत नाही. पण इथं ते वापरून पिकवलेलं द्राक्ष तिथं चालतं, कारण ऑक्टोबरात काडीला लावलेलं औषध फेब्रुवारीत मण्यात सापडत नाही. मण्यातला अंश मोजायला प्रयोगशाळा आहेत. काडी पुसणाऱ्या हातात किती मुरलं, हे मोजणारं कुणी मला २६ वर्षांत भेटलेलं नाही.

बागाईतदाराला खलनायक करू नका, असंही इथंच सांगते. अवकाळी पाऊस एका रात्रीत वर्षाचं कर्ज डोक्यावर ठेवून जातो, तेव्हा डोळे वेळेवर फुटणं हा त्याच्या घरादाराचा प्रश्न असतो. माझ्या भावाशी मी यावरून दोन दिवाळ्या भांडले. आता तो छाटणीच्या आधी नायट्राइलच्या हातमोज्यांची खोकी आणून ठेवतो, मोजा फाटला की लगेच बदलायला लावतो, बांधावर पाण्याची टाकी आणि साबण ठेवतो, आणि पेस्टिंगच्या दोन दिवसांचं काम उक्तं न देता रोजानं देतो. उक्त्यात माणूस मोजा बदलायला थांबत नाही, हे त्याला त्याच्याच मुकादमानं सांगितलं. खर्च वाढतो, पण बागेच्या फवारणीच्या औषधांच्या बिलापुढं तो फार नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्यानं डॉक्टरांवर एक जबाबदारी टाकली होती. कारखान्यातल्या कामगाराला अनुसूचीतला व्यवसायजन्य आजार झालेला दिसला तर मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचं. शिशाची, पाऱ्याची विषबाधा त्या यादीत होती, आणि रसायनांच्या थेट संपर्कानं होणारा त्वचारोगही होता. सातपूरच्या किंवा अंबडच्या कारखान्यातला कामगार सोलवटलेले हात घेऊन आला, तर मला कळवायला पत्ता होता. पेस्टिंगवाल्या बाईचे तसेच हात कळवायला मला कधीच पत्ता नव्हता. हात सारखे आणि रसायनही तितकंच घातक, पण ती काम करते त्या जागेला छप्पर नाही, एवढाच काय तो फरक.

‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतून आला. १९८२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या वॉरेन काउंटीत, गरीब आणि बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या भागात, पीसीबी हे विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वापरलं जाणारं विषारी रसायन मिसळलेली माती पुरायचं ठरलं तेव्हा लोक रस्त्यावर आडवे झाले, पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. तिथून हा विचार पसरला. पण आपल्याला त्यासाठी इतकं लांब जायची गरज नाही, आपल्या कोकणापर्यंत येऊन पोचलेलं उदाहरण आहे. इटलीत व्हेनेतो भागातला एक कारखाना पीएफएएस रसायनं बनवायचा. नॉनस्टिक तवा, पाणी न धरणारं जाकीट, तेल न शोषणारा खाऊचा कागद यांत वापरली जाणारी ही रसायनं निसर्गात जवळजवळ विघटनच पावत नाहीत. लाखो लोकांचं पिण्याचं पाणी बिघडवून तो कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोर झाला आणि २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं माजी अधिकाऱ्यांना शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रं मात्र लिलावात विकली गेली आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली. शेजारच्या खेडच्या आणि चिपळूणच्या माणसानं यावर काय करायचं होतं? तवा न घेणं?

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, आणि ते मी तुमच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर म्हणून देते. घातक रसायन गिऱ्हाइकाच्या हातात येण्याआधी, कच्च्या मालाच्या पातळीवर अडवलं, तरच ते सगळ्यांसाठी अडतं. दुकानात येऊन पोचल्यावर निवड करायला सांगितलं, की वाचता येणारा, पैसे असणारा, पर्याय असणारा तेवढा सुटतो आणि उरलेला माल स्वस्त होऊन उरलेल्यांकडे जातो.

हे होऊ शकतं याचा पुरावा आपल्याच श्वासात आहे. २००० साली देशभरात शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. कुणाला लेबल वाचावं लागलं नाही, महाग पेट्रोल निवडावं लागलं नाही. शालिमारच्या चौकात दिवसभर उभा राहणारा हातगाडीवाला आणि गंगापूर रोडच्या बंगल्यातलं मूल, दोघांच्या फुप्फुसात जाणारं शिसं एकाच निर्णयानं कमी झालं.

घरगुती रंगांचं मात्र अर्धंच झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये नियम आला, वर्षभरानं लागू झाला: घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको. पण औद्योगिक रंगांना तो लागू नाही, आणि हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी गेटासाठी, पाळण्यासाठी डबा नेणाऱ्या रंगाऱ्याला हा फरक कुणी समजावत नाही. खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची झाली. जत्रेतल्या पिपाणीवर ती शोधून बघा.

बाकी रसायनांचा कारभार तुकड्यातुकड्यांत आहे. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण कायदा आणि १९८९ चे घातक रसायनांचे नियम आले, पण त्यांचा भर कारखान्यातल्या साठ्यावर आणि अपघातावर. प्रसाधनं एका खात्याकडे, कीटकनाशकं दुसऱ्याकडे, खेळणी तिसऱ्याकडे. टिकलीचा गोंद आणि चपलेचं रबर कुणाकडे, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही, यावरूनच काय ते समजा. युरोपात २००७ पासून ‘रीच’ कायदा आहे. त्याचं तत्त्व साधं: रसायनाची माहिती दिल्याशिवाय ते बाजारात आणता येणार नाही, आणि ते निरुपद्रवी आहे हे दाखवायची जबाबदारी बनवणाऱ्याची. आपल्याकडे तशा नियमांचा मसुदा २०२० साली तयार झाला, पण लागू झालेला नाही. तोवर सिद्ध करायची जबाबदारी जेल रोडच्या बाईच्या कपाळावर आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. कडक नियम आले की मोठ्या कंपन्या तगतात, छोटा कारागीर मरतो. आपल्या नाशिकचा तांब्या-पितळेचा धंदा बघा. भांड्याला कल्हई करताना शुद्ध कथील आणि नवसागर वापरायचा, ही जुनी रीत. कथील महाग झालं की त्यात शिसं मिसळून विकलं जातं. दिसायला तितकंच चकचकीत, पण त्या भांड्यात आंबट वरण शिजलं की शिसं वरणात उतरतं. हे शिसं कल्हईवाला स्वतः घालत नाही. त्याला जी कांडी विकली जाते तीच भेसळीची असते आणि तिचा धूर सगळ्यात आधी त्याच्याच छातीत जातो. दंड करायचा तर त्याला नाही, कांडी ओतणाऱ्याला. आणि त्याला हवं काय? तपासलेलं कथील वाजवी भावात, आणि कांडी तपासून मिळेल अशी एक जागा. टिकल्या, कुंकू, रंग बनवणाऱ्या घरगुती धंद्यांनाही हेच लागू. विषारी कच्चा माल बंद करताना त्याच वेळी चांगला माल हाताशी दिला नाही, तर तो निर्णय त्यांच्यावरच अन्याय करेल.

आणखी एक सावधगिरी. एक रसायन बंद झालं की त्याचंच भावंड येतं. दुधाच्या बाटलीच्या कडक प्लास्टिकमधल्या बीपीए या रसायनाची बदनामी झाल्यावर ‘बीपीए नाही’ असं मिरवणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीएस आलं, आणि त्याचेही गुण फार निराळे निघाले नाहीत. म्हणून एकेका नावावर बंदी मागण्यापेक्षा एका जातीच्या रसायनांचा एकत्र विचार व्हावा, अशी मागणी करा.

आता तुम्ही काय करायचं. जनजागृतीची पोस्टर्स करू नका, ती खूप झाली. आठवडे बाजारात जा आणि वस्तू विकत घ्या: टिकली, सुटं कुंकू, काळी मेहंदी, गोरं करणारी डबी, खेळणी. प्रत्येकीचं पाकीट, तारीख, किंमत, फोटो नीट ठेवा. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी मागणी करा की प्रसाधनांचे नमुने मॉलमधून घेता तसे बुधवारच्या बाजारातूनही घ्या, आणि माहितीच्या अधिकारात विचारा की गेल्या वर्षी किती घेतले आणि कुठून. बाधा झालेल्या माणसाला घेऊन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूनं झालेल्या इजेची भरपाई मागता येते, आणि बनवणारा सापडला नाही तर विकणाऱ्यापर्यंत जबाबदारी येऊ शकते. इथं मात्र हात आखडता घ्या. पथारीवर बसलेल्या म्हाताऱ्या विक्रेतीला कोर्टात उभं करण्यात मला कुठलाच न्याय दिसत नाही. तिला साक्षीदार करा. आणि दवाखान्यांत जाऊन डॉक्टरांना एकच विनंती करा: केसपेपरवर ‘काम काय, अंगाला काय लावता, कुठून घेता’ या तीन ओळी लिहीत चला. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला आहे. असे केसपेपर वर्षभर जमले तर त्यांच्यापुढं ठेवायला काहीतरी हातात असेल.

जेल रोडच्या बाईचा डाग आठ महिन्यांनी बराचसा भरला. कडेनं आधी तपकिरी ठिपके उठले, मग ते एकमेकांत मिसळले. नणंदेचं लग्न झालं, त्यात ती बाहेर मांडवात होती. कपाळाला तिनं काय लावलं होतं ते मी विचारलं नाही.

ते पाकीट मी ठेवून घेतलं होतं. बुधवारी गोदाघाटावर जाऊन तिनं सांगितलेली पथारी शोधली. विक्रेतीनं मेन रोडजवळच्या घाऊक दुकानाचं नाव सांगितलं. त्या दुकानदारानं, बराच वेळ चहा पाजल्यावर, सांगितलं की टिकल्यांची शीटं मुंबईहून येतात, गोंद लागूनच येतात, आणि गोंद कोण पुरवतं हे त्यालाही माहीत नाही. मुंबईतला एक नंबर त्यानं दिला. तो फोन मी तीनदा केला, तिन्ही वेळा पलीकडून ‘आम्ही फक्त कापून पाकिटं भरतो’ एवढंच उत्तर आलं. ओपीडी सोडून मला त्यापुढं जाता आलं नाही. पाकीट आणि तो नंबर माझ्याकडे आहेत. तुम्ही आलात की देते, तिथून पुढचा माग तुम्ही काढा.